ग्रंथपरीक्षण, विषयविन्यास आणि लेखकुपरंपरा : बोरी व गंगाखेड

विद्वत्परिषदेपुढे निबंध ठेवण्यापूर्वी तो त्याच विषयातील अन्य अभ्यासकांनी वाचावा, दोष दाखवावेत आणि मगच त्यास व्यासपीठ द्यावे, हा संकेत आज विद्यापीठीय व्यवहारात इतका रुळला आहे की, त्याचा उगम युरोपीय विद्वत्सभांमध्येच शोधण्याची सवय लागली आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ मध्ये निघाले, तेव्हा काय छापावे हे बव्हंशी चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग हेच ठरवीत. निबंधांची निवड समितीकडे गेली ती १७५२ मध्ये, आणि तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागविण्याची पद्धत १८३० नंतरची. माहितीच्या रचनेला स्वतंत्र अभ्यासविषय मानणे तर त्याहून अलीकडचे आहे. अमेरिकन वास्तुविशारदांच्या १९७६ मधील फिलाडेल्फिया अधिवेशनात रिचर्ड सॉल वुर्मन ह्यांनी 'माहितीची वास्तुरचना' हा शब्दप्रयोग पुढे आणला, आणि ह्या विषयाची स्वतंत्र परिषद २००० मध्ये बॉस्टन येथे भरली.

नावे नवी असली तरी कामे जुनी आहेत. मजकूर गोळा करणे, तो जाणत्यांकडून तपासून घेणे, त्याची प्रकरणवार मांडणी करणे आणि कोणाचे बोल कोणी लिहिले ह्याची नोंद ठेवणे ही चारही कामे तेराव्या-चौदाव्या शतकांत मराठी भाषेत झाली. आजच्या परभणी जिल्ह्यात ह्या कामांचे दोन अगदी भिन्न नमुने जवळजवळ आढळतात. एक बोरीचा, दुसरा गंगाखेडचा. पहिल्याच्या मागे परीक्षणाची पूर्ण यंत्रणा उभी होती. दुसऱ्याच्या मागे काहीच नव्हते. आणि म्हणूनच दुसऱ्याचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

बोरीचा नमुना समजण्यासाठी प्रथम महानुभावांची ग्रंथसिद्धीची रीत पाहिली पाहिजे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांच्या आठवणी एकत्र करण्याचे काम सराळ्याच्या म्हाइंभटांनी हाती घेतले. ग्रंथाचा काळ साधारणपणे १२७८ च्या सुमारास धरतात. म्हाइंभट काही आठवणींचे एकमेव धनी नव्हते. ज्याने लीळा पाहिली अथवा ऐकली त्याच्याकडे जाऊन ती मिळवावी, आणि नंतर ती नागदेवाचार्यांपुढे म्हणजे भटोबासांपुढे ठेवावी, असा क्रम होता. भटोबास हे चक्रधरांचे पट्टशिष्य व पंथाचे आचार्य. त्यांच्या स्मरणाच्या कसोटीवर प्रत्येक लीळा घासली जाई. संकलक वेगळा, साक्षीदार वेगळा, परीक्षक वेगळा, हा भेद येथे स्पष्ट आहे. एवढी चाळण लावूनही मतभेद दडपलेले नाहीत. एकाच प्रसंगाचे दुसरे कथन मिळाले तर ते 'वासना' म्हणून नोंदलेले दिसते. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि अनुयायांनी ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला, असे पंथाची परंपरा सांगते. त्या वेळच्या पाठांत हिराइसा ह्या स्त्रीचा पाठ विशेष मानला गेला. स्मरण हीच ज्या काळातील ग्रंथशाळा, त्या काळात एका स्त्रीच्या स्मरणाला प्रमाणप्रतीचा मान मिळाला, ही गोष्ट मराठी संहितेच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही.

लीळाचरित्राची मांडणी कालक्रमाने आहे: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. चरित्राला ती योग्यच. परंतु तत्त्वज्ञान शिकू पाहणाऱ्या साधकाला कालक्रमाचा उपयोग थोडा. त्याला जीवाविषयी स्वामी काय म्हणाले, संन्यस्ताने कसे वागावे, हे एका जागी हवे असते. ही गरज केसोबासांनी ओळखली. त्यांनी लीळांतून चक्रधरांची वचने वेचली आणि त्यांचा सूत्रपाठ सिद्ध केला. अन्यव्यावृत्ति, युगधर्म, विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, असतीपरी, महावाक्य, निर्वचन ही त्यातील प्रकरणांची नावे वाचली तरी विन्यासामागची दृष्टी ध्यानात येते: आधी इतर मतांपासून वेगळेपण, मग विश्वाची घडामोड, मग जीवाचा उद्धार. त्यापुढे विचार व आचार आणि त्यांच्या 'मालिका' येतात. मालिका हे नावच सांगते की तेथे वचने एकामागून एक ओवलेली आहेत. त्यांच्याच दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची बांधणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिपेडी आहे. पहिली दोन अंगे चक्रधरांची, तिसरे केसोबासांचे. मूळ वक्ता कोठे थांबतो आणि संपादक कोठून सुरू होतो, हे वाचकाला विचारावे लागत नाही.

अशा विषयवार मांडणीत एक हानी ठरलेलीच असते. एका शिष्याला, एका प्रसंगी, कदाचित त्याच्या एखाद्या खोडीवर बोट ठेवून बोललेले वाक्य प्रसंगातून उचलले की ते सर्वकाळचा नियम होऊन बसते. महानुभावांना ह्याची जाणीव होती. 'प्रकरणवश' नावाच्या ग्रंथप्रकारात कोणते सूत्र कोणत्या प्रसंगाने आले ते सांगितलेले असते. म्हणजे सूत्रावरून लीळेकडे परत जाण्याची वाट राखलेली असते. स्थानपोथीत चक्रधर जेथे जेथे राहिले त्या जागांची नोंद आहे. चरित्र, सूत्रे, प्रसंग आणि स्थळे ह्या चार पोथ्या समोर ठेवल्या तर एकाच सामग्रीत शिरण्याची चार दारे उघडतात. आजचे माहितीरचनेचे अभ्यासक ज्याला उलटसंदर्भ म्हणतील, तो येथे बोरूने लिहिलेला आहे.

भटोबासांचे परीक्षण केवळ तथ्यापुरते नव्हते. केसोबासांसारख्या संस्कृतज्ञ शिष्यांचा ओढा संस्कृत रचनेकडे होता. त्यांना आचार्यांनी अडविले, आणि कारण दिले ते विचार करण्यासारखे आहे: संस्कृतात लिहिले तर पंथातील म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील. स्मृतिस्थळात ही हकीकत येते. ग्रंथ बरोबर आहे की नाही ह्याबरोबर तो कोणाला वाचता येईल, हाही परीक्षणाचा निकष असू शकतो, हे येथे एका आचार्याने ठरविले. इंग्रजीत लिहिलेल्या निबंधालाच गुण देणाऱ्या आजच्या मूल्यांकनपद्धतींशी हा निकष ताडून पाहण्याचा मोह होतो. पण तो स्वतंत्र विषय आहे.

आता बोरीकडे. भास्करभट्ट बोरीकर हे पुढे कवीश्वरबास ह्या नावाने पंथाचे आचार्य झाले. त्यांचे गाव म्हणून परभणी जिल्ह्यातील बोरीकडे निर्देश केला जातो. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शिशुपालवध हे १०८७ ओव्यांचे काव्य रचले आणि ते आपल्या गुरुबंधूला दाखविले. अभिप्राय मिळाला तो स्तुतीचा आणि नकाराचाही: ग्रंथ चांगला उतरला आहे, परंतु तो संन्यस्तांच्या उपयोगाचा नाही, शृंगारात रमणाऱ्या संसारी माणसाच्या उपयोगाचा झाला आहे. परीक्षकाने दोष भाषेत काढला नाही, छंदात काढला नाही. ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्याशी तो जुळत नाही, एवढेच दाखविले. भास्करभट्टांनी वाद घातला नाही. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर ८२७ ओव्यांचा नवा ग्रंथ रचला, तोच उद्धवगीता.

ह्या घटनेचा अर्थ सहसा भास्करभट्टांच्या नम्रतेशी जोडला जातो. तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. महत्त्वाचे हे की प्रतिकूल अभिप्रायानंतरही शिशुपालवध नष्ट झाला नाही. तो पंथाच्या सात काव्यग्रंथांत, 'साती ग्रंथां'त, मानाने बसला. आणि त्याच्याविषयीचा अभिप्रायही टिकला. ग्रंथ, त्यावरील आक्षेप आणि आक्षेपाला दिलेले उत्तर ही तिन्ही एकत्र राहिली म्हणून आजच्या वाचकाला परीक्षकाच्या विरुद्ध मत देण्याची मोकळीक आहे. आणि काव्य म्हणून शिशुपालवधच सरस, असे मत देणारे थोडे नाहीत.

ह्या काटेकोर व्यवस्थेची दुसरी बाजू मात्र गडद आहे. जे तपासून सिद्ध केले ते पुढे कुलुपात गेले. ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी वापरात आल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठराविक दुसरे अक्षर येते. त्यामुळे पाठ शुद्ध राहिला, भ्रष्ट करणारा हात त्याला लागला नाही. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे ह्यांनी ही लिपी उलगडेपर्यंत मराठीचे पहिले गद्य मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात होते. ज्या म्हाताऱ्या बायकांसाठी संस्कृत टाळले, त्यांच्याच गावच्या इतर बायकांना ते सहा शतके वाचता आले नाही.

गोदावरीच्या काठी वसलेल्या गंगाखेडची गोष्ट ह्याच्या उलट आहे. जनाबाईचा जन्म येथला, दमा व करुंड ह्या दांपत्याच्या पोटी. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेट्टींच्या घरी आली आणि नामदेवांच्या (१२७०–१३५०) कुटुंबात दासी म्हणून आयुष्यभर राहिली. तिच्या नावावर सुमारे ३५० अभंग मुद्रित आहेत. म्हाइंभट नाही, भटोबास नाही, सूत्रपाठ नाही. अभंग झाला तो कीर्तनात गेला, दिंडीत गेला, जात्यावर गेला. आणि जेव्हा गाथा लिहिल्या गेल्या तेव्हा नामदेवांच्या गाथेत त्यांच्या परिवाराच्या अभंगांबरोबर येऊन बसला. पाठ तपासण्याची वारकरी परंपरेला फिकीर नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. गोदावरीच्याच वरच्या अंगाला पैठण येथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जुळवून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत आपली ओवी घालू पाहणाऱ्यास कडक शब्दांत बजावले. पण ती काळजी ज्ञानेश्वरीच्या वाट्याला आली. दासीच्या अभंगांना एकनाथ भेटला नाही.

अशा स्थितीत जनाबाईच्या नावावरील एक अभंग संशोधकाच्या दृष्टीने असाधारण ठरतो. त्यात भक्तीची आळवणी जवळजवळ नाही. आहे ती यादी. कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले ते त्यात ओळीने सांगितले आहे. ज्ञानेश्वरांचे चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, चांगदेवांचे श्यामा कासाराने, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, कूर्म्याचे वसुदेव काइताने, चोखामेळ्याचे अनंतभट्टाने. लेखक-लेखकूंची अशी जोडवार नोंद त्या काळच्या मराठी वाङ्मयात दुर्मिळ आहे. ग्रंथालयाच्या सूचीत ग्रंथकर्त्याबरोबर प्रत करणाऱ्याचे नाव यावे, तसाच हा प्रकार आहे.

यादी वाचताना जातिनामांकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. कासार, गुरव, काइत म्हणजे कायस्थ, भट्ट: लेखणी ज्यांच्या हाती होती ते हे लोक. सावत्याला मळ्यात लेखणी नव्हती, चोख्याला वेशीबाहेर नव्हती. महाराचे बोल भट्टाने लिहून घेतले, ही एक ओळ समाजेतिहासाच्या पुष्कळ पानांना भारी आहे. तिच्यात समतेचा गौरव वाचावा की परावलंबनाची नोंद, हे वाचणाऱ्यावर आहे. दोन्ही वाचणे अधिक प्रामाणिक. शेवटी स्वतः जनी येते. तिच्या अभंगांचा लेखकू पांडुरंग.

भाविकाला ह्यात चमत्कार दिसतो आणि त्याला तसा दिसण्याचा अधिकार आहे. सूची म्हणून वाचणाऱ्याला ह्या शेवटच्या नोंदीत एक रिकामा रकाना दिसतो. इतर प्रत्येकापुढे हाडामांसाचा लिहिणारा आहे, दासीपुढे नाही. निवृत्तिनाथांना भाऊ मिळाला, मुक्ताईला भाऊ मिळाला, चोख्यालासुद्धा भट्ट मिळाला. दळणकांडण करणाऱ्या स्त्रीचे बोल टिपण्यास घरातले कोणी बसले अशी नोंद तिनेही केली नाही. देवाचे नाव घातले. अर्थात ही यादी जनाबाईचीच की तिच्या नावाने मागाहून कोणी रचलेली, हा प्रश्न राहतोच, कारण यादीलाही तीच मुद्रिका आहे जी इतर अभंगांना आहे. मागाहूनची असली तरी ती रचणाऱ्याला हे ठाऊक होते की, जनीचा लेखकू विचारला तर माणसाचे नाव सांगता येत नाही.

मुद्रिका हा वारकरी परंपरेतील एकमेव कर्तृत्वदर्शक पुरावा. तो किती भक्कम? येथे छंदाचा विचार उपयोगी पडतो. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. 'दासी जनी' ही चार अक्षरे, 'नामयाची जनी' ही सहा, 'म्हणे नामयाची जनी' ही आठ, म्हणजे आठाक्षरी लहान अभंगाच्या चरणाएवढी. नाममुद्रा हव्या त्या मापाची मिळते. सोय गाणाऱ्याची, अडचण संपादकाची. 'नामा म्हणे' आणि 'जनी म्हणे' ह्यांत अक्षरे चारच. 'विष्णुदास नामा' आणि 'नामयाची जनी' ह्यांत सहाच. एका कीर्तनकाराने अनवधानाने अदलाबदल केली तर ताल चुकत नाही, ऐकणाराही अडखळत नाही. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची रचना मिसळली, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. नामदेवासारख्या सर्वपरिचित नावाची ही गत, तर त्यांच्या छायेत छापल्या गेलेल्या जनीचे काय झाले असेल ह्याची कल्पना करता येते.

भाषेची कसोटीही सरळ लागू पडत नाही. लीळाचरित्रातील मराठी तेराव्या शतकाची म्हणून ओळखता येते, कारण ती कुलुपात राहिली. जनाबाईची मराठी गळ्यागळ्यांतून आली; प्रत्येक पिढीने तिची जुनी रूपे आपल्या रूपांनी बदलली. तेव्हा एखादा अभंग भाषेने अर्वाचीन दिसतो म्हणून तो जनीचा नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. निदान एक जागा अशी आहे की जेथे बदल करणाऱ्याचा हात अडतो: यमकाची. चरणाच्या मध्यावरचे विभक्तिरूप सहज बदलते. यमकातले बदलायचे तर जोडीचा शब्दही बदलावा लागतो. म्हणून ह्या ३५० अभंगांची परीक्षा करायची तर ओळींची सरसकट भाषा न पाहता दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या अंत्यस्थानी टिकलेली रूपे वेगळी काढणे, ती हस्तलिखितांतील रूपांशी ताडणे आणि मुद्रिकेचा पुरावा सर्वांत शेवटी विचारात घेणे, हा क्रम अधिक सुरक्षित आहे. आजवरच्या चर्चेत क्रम बहुधा उलटा राहिला: मुद्रिका आधी, भावना त्यानंतर, भाषा शेवटी.

महानुभाव आणि वारकरी ह्यांची ही तुलना करताना एकाला शास्त्रशुद्ध व दुसऱ्याला भोळे ठरविण्याची घाई होते. ती टाळली पाहिजे. परीक्षणाच्या व्यवस्थेत शिरण्यासाठी आधी परीक्षकाच्या मंडळात असावे लागते. भास्करभट्ट पंथात होते, विद्वान होते, त्यांचे काव्य वाचावयास गुरुबंधू होता. जनाबाईला असे मंडळ नव्हते असेही नाही; नामदेवांचे घर, पंढरपूरचा संतमेळा हेच तिचे मंडळ. परंतु त्या मंडळात अभंग ऐकला जाई, गायिला जाई. फेटाळण्याची वा सुधारून मागण्याची रीत तेथे नव्हती. त्यामुळे जनीचे स्वयंपाकघर, जाते, उखळ, तिची देवाशी चाललेली उघड भांडणे, ह्यांतील काहीही 'निवृत्तांच्या उपयोगाचे नाही' म्हणून बाजूला पडले नाही. तिला परीक्षक भेटला असता तर तिचे कोणते अभंग शिल्लक राहिले असते, ह्याचा विचार भास्करभट्टांच्या उदाहरणानंतर सहजच मनात येतो.

महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली. लीळाचरित्राची डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेली प्रत १९७८ मध्ये निघाली आणि तिच्यावरून पंथीयांत मोठा वाद झाला. सातशे वर्षांनंतरही पाठाची तपासणी कोणी करावी, पंथाने की विद्यापीठाने, हा प्रश्न जिवंत असल्याचे त्या वादाने दाखविले. जनाबाईच्या अभंगांवरून असा वाद झालेला नाही. वाद व्हावा एवढी घट्ट संहिताच तिच्या वाट्याला आलेली नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे मात्र पुढे वेगळे झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांचे विषय व उपविषय पाडून वर्गीकरण केले, आणि पुढे तो संग्रह संगणकावर नेण्यात आला. त्यात विठ्ठल आणि जनी ह्यांच्याविषयीच्याही ओव्या आहेत: जनीला दळू लागणारा देव, तिच्या शेण्या उचलणारा देव. ओव्यांबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदविलेले आहे.